वजनसाहेबांच्या आठशे कॅलरी

स्वयंपाकघरासाठी आणलेला नवा वजनकाटा खोक्यातून बाहेर निघाला, तेव्हा वजनसाहेबांनी सगळ्यात आधी त्याचं एक बटण चिकटपट्टी लावून बंद केलं. पट्टीवर तारीख घातली. मग सही केली, तीही अर्धी पट्टीवर आणि अर्धी काट्यावर येईल अशी, म्हणजे कोणी पट्टी उचकटलीच तर ताबडतोब कळावं. घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची बायको. तेव्हा हा बंदोबस्त नेमका कोणाविरुद्ध, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बायकोनंही विचारलं नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली की बरेच प्रश्न आपोआप गळून पडतात.

बटण साधंच होतं. रिकामं भांडं काट्यावर ठेवून ते दाबलं की काटा शून्यावर येतो आणि मग फक्त आतल्या पदार्थाचं वजन दिसतं. तुमच्या-माझ्यासारख्याला ही सोय वाटेल. पण वजनसाहेब वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. मिठाई खोक्यासकट तोलणाऱ्या दुकानदारांना पकडण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यांच्या मते या बटणाएवढी लबाड वस्तू माणसानं दुसरी बनवली नव्हती. दुकानदार नको तेव्हा दाबतो, हवं तेव्हा दाबत नाही. "माझ्या घरात हे बटण चालणार नाही," ते म्हणाले. "भांड्याचं काय ते मी बघून घेईन."

वजनसाहेब हे नाव त्यांना बाजारानं दिलेलं. ते खात्यावरून दिलं की देहावरून, हे बाजारालाच ठाऊक. निवृत्त झाले तेव्हा ते एकशे अठरा किलो होते आणि एक जिना चढून आले की दारातल्या खुर्चीवर बसून दहा मिनिटं नुसते हात हलवून बोलायचे. शेवटी डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन करून त्यांचं जठर केळ्याएवढं करून टाकलं. पहिले काही आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर गेले. मग दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक छापील तक्ता हातात दिला: दिवसाला आठशे कॅलरी, सहा वेळा खाणं, दर वेळी सव्वाशे ग्रॅम.

"काका, आठशे म्हणजे आठशे हं," त्या म्हणाल्या. वयानं पोरसवदाच होत्या, पण बोलताना चष्म्यावरून अशा बघायच्या की वजनसाहेबांना आपण गृहपाठ न करता आलोय असं वाटायचं. "जास्त नको, आणि कमी तर अजिबात नको. कमी पडलं तर चरबीऐवजी ताकद उतरते. चक्कर येते, केस जातात. मग परत भरती करून घ्यावं लागतं."

वजनसाहेबांनी यातलं 'आठशे' तेवढं ऐकलं. बायकोनं 'परत भरती' ऐकलं. ऑपरेशनच्या दिवशी ती तीन तास बाहेरच्या बाकड्यावर त्यांचा चष्मा आणि चपला मांडीवरच्या पिशवीत घेऊन बसली होती. तशी ती पुन्हा बसायला तयार नव्हती.

त्याच भेटीत आहारतज्ज्ञ बाईंनी प्रोटीन पावडरचा एक डबा दिला. अशक्तपणा वाटला तर दुधात, सुपात घालायची. वजनसाहेबांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. निव्वळ वजनाच्या लेबलावर दुसरं लेबल चिकटवलेलं होतं.

"लेबलावर लेबल!" ते म्हणाले. "हा डबा माझ्या घरात येणार नाही."

"अहो काका, कंपनीनं पत्ता बदलला म्हणून नवीन..."

"सगळे असंच सांगतात."

डबा टेबलावरच राहिला, अशी त्यांची समजूत झाली. बायकोची पिशवी टेबलाच्या त्याच बाजूला होती याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

आता तक्ता होता, काटा होता. पण ज्या काट्यावर खात्याचा शिक्का नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? दुसऱ्या दिवशी वजनसाहेब काटा टॉवेलात गुंडाळून आपल्या जुन्या कचेरीत हजर झाले. खिडकीपलीकडच्या कारकुनानं उठून नमस्कार केला, खुर्ची पुढे केली, आणि शिक्का म्हटल्यावर तीच खुर्ची मनातल्या मनात मागे घेतली.

"साहेब, घरगुती काट्याला शिक्का मिळत नाही."

"कोण म्हणतं असं?"

"परिपत्रक आहे, साहेब."

"दाखव."

कारकुनानं दोन कपाटं उघडली, एक धूळ खाल्लेली फाइल काढली आणि पान उघडून समोर धरलं. वजनसाहेबांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. घरगुती वापराचे काटे शिक्क्यासाठी कोणत्याही सबबीवर स्वीकारू नयेत, निवृत्त कर्मचाऱ्यांचेही नाहीत. खाली सही होती. ती त्यांचीच होती.

"मसुदा अगदीच गबाळा आहे," ते म्हणाले.

"होय साहेब. पण सही चांगली आली आहे."

तरी त्यांनी तीन प्रतींत अर्ज दिला. तिन्ही प्रती 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून परत आल्या, आणि शेरा मारणारी निरीक्षक बाई त्यांनीच तयार केलेली होती. तिला वाईट वाटलं म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिनं प्रमाणित वजनं काढून काटा तपासून दिला. काटा चोख निघाला, एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. वजनसाहेबांना आनंद व्हायला हवा होता. पण शिक्का नसलेला चोख काटा त्यांना निकालपत्राशिवाय पास झाल्यासारखा वाटला आणि ते काटा पुन्हा टॉवेलात गुंडाळून घरी आले.

घरी आल्यावर त्यांनी एक जाड वही आखली. तारीख, वेळ, पदार्थ, वजन, कॅलरी, शेरा, आणि शेवटी तपासणाऱ्याची सही. खाण्यासाठी भांडंही ठरलं. निवृत्तीच्या समारंभात खात्यानं दिलेली जाड बुडाची स्टीलची वाटी, जिच्यावर 'प्रदीर्घ व निष्कलंक सेवेबद्दल' असं कोरलं होतं. इतकी वर्षं ती काचेच्या कपाटात होती. आता तिला काम मिळालं.

सकाळी आठ वाजता पहिलं खाणं. बायको वाटीत चमच्याचमच्यानं भाजीचं सूप घालायची, वजनसाहेब डोळ्यांत तेल घालून काट्याकडे बघायचे, आणि आकडा एकशे पंचवीसवर आला की "बस!" असं ओरडायचे. बायको दचकून चमचा मागे घ्यायची. वहीत नोंद व्हायची, सही व्हायची, मग सूप प्यायलं जायचं. तोवर ते गार झालेलं असायचं, पण कायद्याच्या कामात असं चालायचंच.

ही बातमी बिल्डिंगभर व्हायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर राहायचे. ते रोज संध्याकाळी येऊन वजनसाहेबांना डावीकडून, उजवीकडून आणि एक डोळा मिटून बघायचे. "उतरताय, पण प्रमाणात नाही. मान आधी चाललीय," असं निदान करून ते प्रत्येक घास साठ वेळा चावायला सांगून जायचे. सूप साठ वेळा कसं चावायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. समोरच्या वहिनींच्या मावसभावाचंही हेच ऑपरेशन झालं होतं. तो मावसभाऊ रोज नवीन काहीतरी करायचा. सोमवारी तो फक्त काकडीवर होता, बुधवारी त्यानं पाणी कोमट केलं, शुक्रवारी त्यानं डॉक्टरच बदलला. वजनसाहेबांना त्या मावसभावाचा इतका राग यायला लागला की एकदा त्यांनी त्याच्या काट्यावर शिक्का आहे का, असं विचारलं. वहिनी तीन दिवस आल्या नाहीत, आणि ते दिवस घरात फार शांततेत गेले.

वही सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी खुर्चीतून उठताना वजनसाहेबांनी भिंत धरली. बायकोनं ते पाहिलं. दुपारी सूप वाढताना ती म्हणाली, "अहो, एक सांगू? ही वाटी..."

"वाटीला काय झालं?"

"वाटीचं वजनही त्यात येतंय ना? सव्वाशेत?"

वजनसाहेब हसले. एखाद्या नवशिक्या शिपायाला हसावं तसे, मोठ्या मनानं हसले. "अगं, एकतीस वर्षं काटे तपासलेत मी. भांड्याचं मी बघतो म्हटलं ना?"

"पण बघताय का?"

"तू आकडा बघ. किती झाले?"

सहाव्या दिवशी ती पुन्हा एकदा म्हणाली. या वेळी वजनसाहेब हसले नाहीत. त्यांनी वही उघडली, शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. बायकोनं सुपाचं पातेलं उचललं. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि त्या दिवसापासून वाटीचा विषय तिनं काढला नाही.

पुढचे पाच आठवडे वजनसाहेबांचे अत्यंत वैभवाचे गेले. वजन उतरत होतं, जिना एका दमात चढवत होता, भिंत धरायची गरज उरली नव्हती. याचं सगळं श्रेय ते वहीला द्यायचे. मास्तरांना बसवून पानंच्या पानं वाचून दाखवायचे. मास्तर ऐकता ऐकता झोपी जायचे आणि जागे झाल्यावर "अक्षर सुंदर आहे" म्हणायचे.

पण ज्यानं आयुष्यभर संशय घ्यायचा पगार घेतला, त्याला सुख तरी किती दिवस पचणार? वजनसाहेबांच्या लक्षात आलं की सूप पूर्वीसारखं पातळ राहिलेलं नाही. दही चमच्याला धरून बसतं. चहासुद्धा जरा अंगानं भरलेला लागतो. तक्त्याप्रमाणे सुपात भाजी, पाणी, मीठ, मिरपूड. मग ही साय कुठून आली? त्यांनी बायकोला सरळ विचारलं नाही. सरळ विचारलं की माणूस सावध होतो. त्यांनी रविवारी सकाळी अकरा वाजता स्वयंपाकघरावर धाड घातली.

धाड म्हणजे रीतसर धाड. पंच म्हणून वरचे मास्तर आणि समोरच्या वहिनी. वहिनींचा उरलासुरला राग पंच व्हायचं आमंत्रण मिळताच पळाला होता. बायको ओट्याशी उभी राहून गाजरं किसत होती. तिघं ओळीनं आत आले तेव्हा तिनं किसणी बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसले.

"सगळ्यांना चहा टाकू?" तिनं विचारलं.

"कशालाही हात लावू नकोस," वजनसाहेब म्हणाले.

तिसऱ्या फळीवर, साखरेच्या मागे, एक डबा सापडला. लेबल नाही, निव्वळ वजन नाही, बनवल्याची तारीख नाही. आत पांढरी पावडर आणि एक चमचा. वजनसाहेबांचा आवाज चढला. "हे काय आहे?"

"पावडर."

"माझ्या सुपात घालतेस?"

"घालते."

"किती?"

"अंदाजानं."

हा शब्द कानावर पडला मात्र, वजनसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं ते याच शब्दाशी लढले होते. बाजारात प्रत्येक चोर पकडला गेल्यावर हाच शब्द म्हणायचा. आणि तो आज त्यांच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यापाशी, बिनदिक्कत उच्चारला गेला होता. "म्हणजे मी तिकडे ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवतोय आणि तू इथे बसून मला फसवतेस? मला?"

"ऐकून तरी घ्या ना."

"जे सांगायचं ते परवा आहारतज्ज्ञ बाईंसमोर सांग."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी नजर चुकवून फळीवरचे डबे मोजायला सुरुवात केली. "बरं," ती म्हणाली. "तिथे सांगते." तिनं गाजरं उचलून फ्रीजमध्ये ठेवली आणि ती खोलीत निघून गेली. डबा कापडात बांधून त्यावर लाख ओतली गेली. पंचांच्या सह्या झाल्या. मास्तरांनी सहीखाली सवयीनं छोटीशी वेल काढली.

दोन दिवस वजनसाहेबांनी आपलं सूप आपण केलं. शास्त्रशुद्ध केलं. भाजी, पाणी, मीठ, मिरपूड, आणि वाटीत बरोबर एकशे पंचवीस. बायको बोलायची, पण कामापुरती, आणि नळ गळतोय हे शेजाऱ्यानं सांगावं तशा सुरात. पहिल्या संध्याकाळी वजनसाहेबांना जरा रिकामं वाटलं. दुसऱ्या दिवशी कंगव्यात केस दिसले. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याला निघताना जिन्याच्या पाचव्या पायरीवर त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ते मटकन खाली बसले. मुद्देमालाची पिशवी त्यांनी छातीशी धरून ठेवली होती. बायकोनं त्यांच्या बगलेत हात घातला आणि त्यांना उठवलं.

आहारतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर त्यांनी मुद्देमाल मांडला: वही, लाखबंद डबा, आणि ज्या भांड्यात गुन्हा घडला ते भांडं. बाईंनी आधी गेल्या आठवड्यातला रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "रिपोर्ट उत्तम आहे काका. प्रोटीन छान, हिमोग्लोबिन छान. मग आज असे पांढरे का पडलाय?" त्यांनी वही चाळायला घेतली. दोनचार पानं उलटल्यावर त्या थांबल्या. "सव्वाशे ग्रॅम, सव्वाशे ग्रॅम... हे भांड्याचं वजन वगळून ना?"

"अर्थात," वजनसाहेब म्हणाले. मग थांबले. "म्हणजे... ते मी..."

बाईंनी रिकामी वाटी उचलून आपल्या काट्यावर ठेवली. प्रदीर्घ व निष्कलंक सेवा बासष्ट ग्रॅम भरली.

खोक्यासकट मिठाई तोलणारे एकतीस वर्षांतले सगळे दुकानदार एकापाठोपाठ एक दारातून आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले, असं वजनसाहेबांना वाटलं. कोणी हसत नव्हतं. तेच जास्त वाईट होतं.

"म्हणजे तुम्ही निम्मंच खात होता," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "दिवसाला चारशे कॅलरी! पण मग हा रिपोर्ट असा कसा?" त्यांनी लाख फोडली, डबा उघडला, वास घेतला आणि चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. "ही आपलीच पावडर ना?"

"हो. लेबल खरवडून काढलं, नाहीतर यांनी घरात ठेवू दिली नसती," बायको म्हणाली. "सुपात पाण्याऐवजी दूध घालत होते. त्यात अंड्याचं पांढरं आणि दोन-तीन चमचे ही."

बाईंनी कागदावर आकडेमोड केली, एकदा खोडली, पुन्हा केली. "साडेसातशेच्या आसपास जातंय. हे प्रमाण तुम्हाला कोणी सांगितलं, काकू?"

"कोणी नाही. भिंत धरली की चमचा वाढवायचा. ढेकर आली की कमी करायचा."

"पण काकांना सांगायचं ना, वाटीचं वजन धरलं जातंय म्हणून."

"सांगितलं होतं. दोनदा."

आहारतज्ज्ञ बाईंनी वहीची सुरुवातीची पानं पुन्हा उलटली, आणि त्यांचं बोट शेऱ्याच्या रकान्यावर थांबलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. तसं वाचायला नको होतं, पण वय लहान होतं. "'सौ. यांची तोंडी तक्रार, वाटीच्या वजनाबाबत. चौकशी केली. तथ्य आढळले नाही. तक्रार निकाली.'" पुढे सही होती. सही चांगली आली होती.

परत येताना रिक्षात मुद्देमालाची पिशवी वजनसाहेबांच्या मांडीवर होती. घर जवळ आल्यावर वजनसाहेब खाली मान घालून म्हणाले, "पंचांसमोर मी तुला चोर म्हणालो."

"चोर नाही म्हणालात. फसवते म्हणालात."

"तेच ते. पण तू तेव्हाच ठणकावून का नाही सांगितलंस?"

"ठणकावलं असतं तर तुम्ही भांडला असता, आणि भांडून तुम्ही जेवत नाही." तिनं बाहेर बघत पदरानं डोळे पुसले. "मला त्या बाकड्यावर परत बसायचं नव्हतं हो. तुमच्या चपला मांडीवर घेऊन. वही जिंकली काय आणि मी जिंकले काय."

वजनसाहेबांना काहीतरी बोलायचं होतं. पण जे बोलायचं होतं त्याला खात्यात नमुना नव्हता. त्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. भर दुपारी, रिक्षावाल्याच्या आरशासमोर, हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलंच उघड नियमबाह्य कृत्य होतं.

घरी आल्यावर त्यांनी चिकटपट्टी स्वतःच्या हातानं सोलून काढली. सही फाटली. मग वर जाऊन मास्तरांना आणि समोर जाऊन वहिनींना त्यांनी पंचनामा रद्द झाल्याचं कळवलं, कारणासकट. वहिनी म्हणाल्या की मावसभावाचंही अगदी असंच झालं होतं. वजनसाहेबांनी या वेळी त्याच्या काट्याची चौकशी केली नाही.

बायकोनं सूप गरम केलं, वाटीत ओतलं आणि समोर ठेवलं. वजनसाहेबांचा हात सवयीनं काट्याकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्यांनी वही उघडली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, पदार्थ लिहिला. वजनाच्या रकान्यापाशी पेन अडलं.

"किती आहे हे?" त्यांनी विचारलं.

"पुरेसं आहे."

त्यांनी वजनाच्या रकान्यात 'पुरेसे' असं लिहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून हा शब्द त्या जागी कधी उतरला नव्हता, आणि आता उतरला तर अक्षर जरा वाकडं आलं. मग शेवटच्या रकान्यावर, तपासणाऱ्याच्या सहीपाशी, बोट ठेवून त्यांनी वही तिच्याकडे फिरवली.

"माझा चष्मा द्या," ती म्हणाली.

चष्मा लावून तिनं सही केली नाही. आधी मागची पानं उलटली, सहावा दिवस शोधला आणि शेरा सावकाश वाचला. 'तथ्य आढळले नाही' यावर एक रेघ ओढली, सरळ, पट्टी न घेता. खाली लिहिलं, 'तक्रार खरी होती,' आणि त्याखाली सही केली. मग आजच्या पानावर येऊन दुसरी सही केली, वही मिटली आणि वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"घ्या आता," ती म्हणाली. "आज तरी गरम प्या."